शहराला वळसा घालणारा रस्ता

रस्त्यांचा इतिहास लिहू लागले की अभ्यासकाची दृष्टी सहसा मोठ्या राजमार्गांकडे जाते. ज्या वाटेने सैन्ये चालून गेली, व्यापाऱ्यांचे तांडे गेले, यात्रेकरू गेले, त्या वाटांची वर्णने ग्रंथांतून विपुल सापडतात. गावाला बगल देऊन बाहेरच्या बाहेर निघून जाणाऱ्या रस्त्याच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. त्याचे कामच मुळी दुय्यम. ज्याला गावात काही काम नाही त्याला त्याने गर्दीत न अडकवता पुढे काढून द्यावे आणि गावाची त्याच्या धुळीतून व गोंगाटातून सुटका करावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. अशा रस्त्यावर कोणी मुक्काम करीत नाही.

अमेरिकेतील बॉस्टन शहराभोवती विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधल्या गेलेल्या एका वळणरस्त्याने ही समजूत पार उलटी करून टाकली. या रस्त्याला धड नावही नव्हते. ज्या क्रमांकाने तो नकाशात दाखवला जाई, त्याच क्रमांकाने लोक त्याला ओळखू लागले. तो क्रमांक १२८. शहर टाळण्यासाठी काढलेल्या या रस्त्याकडे वीस-पंचवीस वर्षांच्या अवधीत शहरातील कारखाने, दुकाने आणि माणसे एकामागून एक ओढली गेली. रस्ता बांधताना कोण कोणाच्या जवळ येणार आणि कोण दूर राहणार हे ठरून जाते, आणि पुष्कळदा ते कोणीही जाणूनबुजून ठरवलेले नसते. मार्ग क्रमांक १२८ चा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

बॉस्टन हे अमेरिकेतील अत्यंत जुन्या शहरांपैकी एक. १६३० साली इंग्लंडहून आलेल्या प्युरिटन वसाहतकारांनी समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या तुकड्यावर ते वसवले. पुढे भोवताली गावे वसत गेली आणि प्रत्येक गावाने बॉस्टनच्या बंदराकडे व बाजारपेठेकडे जाणारी आपापली वाट पाडली. त्यामुळे त्या प्रदेशातील रस्त्यांना बैलगाडीच्या चाकाचे रूप आले. बॉस्टन हा त्या चाकाचा तुंबा आणि सर्व रस्ते त्याचे आरे. ऑलिव्हर वेंडेल होम्स या लेखकाने १८५८ साली बॉस्टनचे विधानभवन हे साऱ्या सूर्यमालेचा तुंबा आहे असा विनोद केला होता. बॉस्टनकरांनी तो मोठ्या अभिमानाने स्वीकारला आणि ‘तुंबा’ या अर्थाचा ‘हब’ हा शब्द शहराचे टोपणनावच होऊन बसला. घोडागाडीच्या काळात ही रचना चालून गेली. मोटारी आल्यावर तिच्यातील उणीव उघडी पडली. एका आऱ्यावरून दुसऱ्या आऱ्यावर जायचे, तर तुंब्यात शिरल्यावाचून गत्यंतर नव्हते; आणि तेथील रस्ते तर पादचाऱ्यांच्या व गुरांच्या सोयीने पडलेले, अरुंद आणि वाकडेतिकडे होते.

या अडचणीवर १९२० नंतरच्या दशकात जो पहिला उपाय झाला, तो केवळ कागदावरचा होता. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या बांधकाम खात्याने शहरापासून दूर असलेल्या गावांमधील जुने रस्तेच एकमेकांस जोडून घेतले आणि त्या साखळीला १२८ हा क्रमांक देऊन पाट्या लावल्या. डेडम, नीडम, न्यूटन, वॉल्थम, लेक्सिंग्टन, वूबर्न, वेकफील्ड अशा गावांमधून हा मार्ग जात होता. परंतु तो प्रत्येक गावाच्या ऐन मध्यभागातून, चर्चसमोरून आणि बाजारातून जाई. बॉस्टनची गर्दी टाळू पाहणारा प्रवासी डझनभर लहान गावांची गर्दी ओलांडीत पुढे सरके. पाटीने रस्ता तयार होत नाही, हे लवकरच ध्यानात आले.

खरे बांधकाम १९३० नंतरच्या दशकात, आर्थिक मंदीच्या काळात सुरू झाले. बॉस्टनच्या उत्तरेस पीबडी, डॅनव्हर्स आणि बेव्हर्ली या गावांजवळ अगदी नव्या आखणीचे काही तुकडे तयार झाले. त्यांच्यामागे तत्त्व असे होते की, रस्त्यालगतच्या घरांना, शेतांना किंवा दुकानांना त्याच्यावर थेट दार उघडू द्यायचे नाही. येणाऱ्या आणि जाणाऱ्या वाहनांच्या वाटा मध्ये मोकळी पट्टी ठेवून वेगळ्या करायच्या, आडवे येणारे रस्ते पुलावरून किंवा पुलाखालून काढायचे, आणि चढण्या-उतरण्यासाठी ठरावीक अंतरावर वळणवाटा ठेवायच्या. आजच्या प्रवाशाला यात नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र ‘रस्त्याला लागून असलेल्या जमिनीला रस्त्यावर येण्याचा हक्क आहे’ ही शतकानुशतकांची कल्पना होती, आणि या नव्या रस्त्याने ती मोडीत काढली. १९४१ च्या अखेरीस अमेरिका महायुद्धात उतरली, पैसा आणि पोलाद दुसरीकडे वळले आणि काम खोळंबले.

युद्ध संपल्यावर राज्यकर्त्यांनी संपूर्ण महानगराच्या रस्त्यांची योजना आखून घेतली. गव्हर्नर रॉबर्ट ब्रॅडफर्ड यांच्या कारकिर्दीत, १९४८ साली, ती प्रसिद्ध झाली. तीत शहरातून बाहेर पडणारे अनेक द्रुतगती मार्ग, शहराच्या आतून त्यांना जोडणारे एक लहान वर्तुळ आणि बाहेरून वेढा घालणारा मार्ग क्रमांक १२८ अशी कल्पना होती. जुन्या चाकाला नव्या पद्धतीचे आरे बसवावेत आणि त्यावर भक्कम धाव चढवावी, असेच तिचे स्वरूप होते. या योजनेतील बाहेरचा भाग आधी पुरा झाला आणि आतले वर्तुळ कधीच झाले नाही. या एका गोष्टीने बॉस्टनचे पुढचे अर्धशतक घडवले.

बाहेरचा भाग झपाट्याने पुरा होण्याचे श्रेय विल्यम कॅलहन या अधिकाऱ्याकडे जाते. १९३४ ते १९३९ या काळात ते राज्याचे बांधकाम आयुक्त होते आणि उत्तरेकडील पहिले तुकडे त्यांच्याच अमदानीत सुरू झाले होते. १९४९ साली गव्हर्नर पॉल डेव्हर यांनी त्यांना पुन्हा त्याच जागेवर बसवले. राज्याने कोट्यवधी डॉलरचे रोखे काढून पैसा उभा केला. कॅलहन हे कामाचा उरक दांडगा असलेले, राजकारणात मुरलेले आणि विरोधाला न जुमानणारे गृहस्थ होते. त्यांनी निवडलेली वाट शहरापासून दहा-बारा मैलांवरून, शेते, फळबागा, डुकरांचे गोठे, रान आणि दलदल यांमधून जात होती. त्या जमिनी स्वस्त होत्या आणि तेथे घरे थोडी असल्याने माणसे हलवावी लागणार नव्हती. हिमयुगात बर्फाने घासून काढलेला तो मुलूख अभियंत्यांच्या दृष्टीने मात्र सोपा नव्हता. कोठे कठीण खडकाच्या सोंडी आडव्या येत, तर कोठे मऊ, कुजलेल्या वनस्पतींची दलदल लागे. खडक फोडायचा आणि दलदलीत भराव घालायचा, अशा रीतीने रस्ता पुढे सरकत होता.

लोकांना हा सारा खटाटोप अनाठायी वाटे. ज्या वाटेवर मोठे गाव नाही, बंदर नाही, बाजार नाही, तेथे इतका रुंद रस्ता कशासाठी? टीकाकारांनी त्याला ‘कोठेच न जाणारा रस्ता’ म्हटले; कोणी ‘कॅलहनचा वेडेपणा’ असे नाव ठेवले. उपनगरातील लोकांना रविवारी मोटारीतून फेरफटका मारण्याची सोय झाली, एवढाच त्याचा उपयोग, असेही बोलले गेले.

१९५१ च्या ऑगस्ट महिन्यात वेलस्लीपासून लिनफील्डपर्यंतचा मुख्य भाग वाहतुकीस खुला झाला. बॉस्टनच्या पश्चिमेकडून उत्तरेकडे अर्धवर्तुळ घेणाऱ्या या भागावर बहुतेक ठिकाणी चार मार्गिका होत्या आणि मध्ये हिरवळीची रुंद पट्टी होती. वेलस्लीहून निघाल्यावर न्यूटन व वेस्टन यांच्या सीमेवरून चार्ल्स नदी ओलांडायची, वॉल्थमच्या टेकड्यांच्या कडेने लेक्सिंग्टनला यायचे, पुढे बर्लिंग्टन, वूबर्न, वेकफील्ड करीत लिनफील्डला पोचायचे, असा तो प्रवास होता. लेक्सिंग्टनजवळ हा रस्ता एका ऐतिहासिक वाटेला छेदून जातो. १९ एप्रिल १७७५ रोजी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर झडली. त्या दिवशी इंग्रज पलटणी ज्या वाटेने कॉनकॉर्डला गेल्या आणि मार खात परत फिरल्या, ती हीच वाट होय.

उत्तरेच्या टोकाला, ग्लॉस्टर या जुन्या मच्छीमारी बंदराजवळ, ॲनिस्क्वॅम नदीवरचा उंच पूल १९५० साली उभा राहिला होता. दक्षिणेकडचे काम टप्प्याटप्प्याने होत गेले आणि १९५० नंतरचे दशक संपता संपता ब्रेनट्री येथे हा मार्ग बॉस्टनहून आग्नेयेला जाणाऱ्या द्रुतगती मार्गाला जाऊन मिळाला. समुद्रापासून समुद्रापर्यंत, शहराला कवेत घेणारी कमान पुरी झाली. १९५३ साली न्यू हेवन रेल्वे कंपनीने शहराच्या नैर्ऋत्येस, रस्ता आणि लोहमार्ग जेथे एकमेकांना छेदतात तेथे, एक स्थानक उघडले. उपनगरातील प्रवाशाने मोटार तेथे उभी करावी आणि न्यूयॉर्कची गाडी पकडावी, शहरात शिरूच नये, अशी त्यामागची योजना होती. या स्थानकालाही नाव पडले ‘मार्ग १२८’. १९५७ साली राज्याच्या पश्चिम सीमेकडून आलेला मॅसॅच्युसेट्सचा पथकरमार्गही वेस्टन येथे १२८ पाशीच येऊन थांबला. तो बॉस्टनच्या आतपर्यंत जाण्यास आणखी सात-आठ वर्षे लागली. हा पथकरमार्ग बांधणाऱ्या मंडळाचे अध्यक्षही कॅलहनच होते.

रस्ता पुरा झाला, आणि ज्याची गणना कोणत्याही आराखड्यात नव्हती अशी गोष्ट घडू लागली. वाहने पुढे निघून जाण्याऐवजी थांबू लागली.

बॉस्टनमधील जुने कारखाने अनेक मजली विटांच्या इमारतींत होते. वाफेच्या इंजिनाच्या काळात एका मोठ्या दांड्यावरून पट्ट्यांनी सगळी यंत्रे चालत, म्हणून इमारत उंच आणि दाटीवाटीची असणे सोयीचे होते. विजेच्या मोटारी आल्यावर ती गरज संपली. कच्चा माल एका टोकाने आत यावा आणि तयार माल दुसऱ्या टोकाने बाहेर पडावा, यासाठी आता एकमजली ऐसपैस इमारत हवी होती. कामगार स्वतःच्या मोटारीने येत, तेव्हा मोटारी उभ्या करायला मैदान हवे होते. शहरात अशी जागा कोठून मिळणार? ती १२८ च्या काठावर पडून होती. कॅबट, कॅबट अँड फोर्ब्स या बॉस्टनमधील जुन्या मिळकत-व्यवस्थापक पेढीतील जेरल्ड ब्लेकली या तरुण अधिकाऱ्याने हे हेरले. नीडम, वॉल्थम अशा गावी वळणवाटांच्या तोंडाशी पेढीने जमिनी घेतल्या आणि तेथे कारखान्यांच्या नियोजित वसाहती उभारल्या. इमारत रस्त्यापासून मागे हटलेली असावी, पुढे हिरवळ राखावी, धुराडे नसावे, मोटारींसाठी पुरेशी जागा ठेवावी, असे नियम त्यांनी घालून दिले. गावकऱ्यांना कारखाना म्हटला की काजळी आणि कोंदट चाळी आठवत. येथे पाहावे तो विद्यालयाच्या आवारासारखी शांत दिसणारी इमारत. विरोध मावळला आणि नगरपालिकांना कराचे उत्पन्न दिसू लागले.

१९५७ साली या रस्त्याच्या काठावर ९९ कंपन्या होत्या आणि त्यांत १७,००० माणसे काम करीत होती. १९६५ साली कंपन्यांची संख्या ५७४ झाली आणि १९७३ साली १,२१२. पहिल्या काळात आलेल्या कंपन्यांपैकी बहुतेक बॉस्टन आणि त्याच्या लगतच्या जुन्या शहरांमधूनच उठून आलेल्या होत्या. म्हणजे रस्त्याने जितके नवे निर्माण केले, त्याहून अधिक आरंभी जुने हलवले.

परंतु ज्या धंद्याने या रस्त्याला कीर्ती मिळवून दिली, तो खरोखरच नवा होता. महायुद्धात केंब्रिजमधील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत रडारवर फार मोठे संशोधन झाले होते. शीतयुद्ध सुरू होताच लष्कराच्या पैशाने तो ओघ पुन्हा वाहू लागला. ज्या वर्षी १२८ चा मुख्य भाग खुला झाला, त्याच १९५१ साली लेक्सिंग्टनजवळ हॅन्स्कम विमानतळाच्या परिसरात या संस्थेची लिंकन प्रयोगशाळा स्थापन झाली. शत्रूच्या विमानांचा सुगावा लावणारी, गणकयंत्रांवर चालणारी संरक्षणव्यवस्था तिने घडवली. केंब्रिजमध्ये १९२२ साली स्थापन झालेल्या रेथिऑन कंपनीने १९६१ साली आपली मुख्य कचेरी लेक्सिंग्टनला १२८ च्या काठी नेली. १९५७ साली लिंकन प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या दोघा अभियंत्यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज डोरिओ यांच्या गुंतवणूक संस्थेने त्यांना ७०,००० डॉलरचे भांडवल पुरवले. १२८ च्या पश्चिमेस काही मैलांवर मेनार्ड गावी लोकरीची एक जुनी गिरणी बंद पडली होती. तिचाच एक भाग भाड्याने घेऊन कंपनीने काम सुरू केले. जेथे एकेकाळी घोंगड्या विणल्या जात, तेथे लहान आकाराची गणकयंत्रे तयार होऊ लागली. घड्याळांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या वॉल्थमच्या जुन्या कारखान्यातील घड्याळनिर्मिती त्याच १९५७ साली थांबली. एका उद्योगाचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय इतक्या जवळून पाहायला मिळावा, असा योग इतिहासात विरळा.

भोवतालच्या गावांचे रूप पालटून गेले. बर्लिंग्टन हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९५० साली या शेतकरी गावाची वस्ती सव्वातीन हजारांच्या आसपास होती. १९६० साली ती तेरा हजारांजवळ गेली आणि १९७० साली बावीस हजारांच्या जवळ. १९५८ साली पीबडी येथे आणि १९६८ साली खुद्द बर्लिंग्टन येथे मोठी व्यापारी संकुले उघडली. जी खरेदी पूर्वी बॉस्टनच्या पेठेत होई, ती आता वळणवाटेच्या तोंडाशी होऊ लागली. जमिनीची मागणी इतकी वाढली की, १७७५ च्या रणवाटेच्या कडेनेही घरांचे आराखडे तयार होऊ लागले. उरलेली वाट राखण्यासाठी १९५९ साली तेथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन करावे लागले.

उलट बॉस्टन मात्र ओसरत होते. १९५० साली त्या शहराची लोकसंख्या आठ लाखांवर होती. १९८० साली ती पावणेसहा लाखांच्याही खाली आली. या ओहोटीची कारणे अनेक होती आणि सर्वच दोष एका रस्त्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तरीही एक गोष्ट उघड होती. कारखाना दहा मैल दूर गेला, आणि तेथे जायला आगगाडी नव्हती, ट्राम नव्हती. होता तो केवळ मोटारीचा रस्ता. ज्याच्याजवळ मोटार नाही त्याला ते काम दुष्प्राप्य झाले. काठावरच्या पुष्कळ गावांनी एका घरासाठी किमान किती जमीन असावी याचे नियम केले होते. कोठे ती मर्यादा एक एकर होती. इतकी जमीन ज्याला परवडत नाही, त्याला कारखान्याजवळ घरही मिळत नव्हते. रॉक्सबरीसारख्या वस्तीत राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना तर वर्णभेदाचा आणखी एक अडसर होता. १९६६ साली बॉस्टनमधील कृष्णवर्णीय मुलांना बसने उपनगरांतील शाळांत नेण्याचा मेटको हा उपक्रम सुरू झाला. पहिल्या वर्षी २२० मुले निघाली. लेक्सिंग्टन, न्यूटन, वेलस्ली, ब्रेनट्री अशा गावांनी त्यांना आपल्या शाळांत घेतले. सकाळी अंधारात उठून ही मुले रोज जे अंतर तोडीत, ते नकाशावर थोड्या मैलांचे होते.

इकडे रस्ता स्वतःच भरून गेला. मूळ अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वाहने त्यावर येऊ लागली, आणि खुला होऊन पुरे दशक उलटण्याच्या आत त्याच्या रुंदीकरणाला हात घालावा लागला. चाराच्या सहा मार्गिका झाल्या, पुढे काही भागांत आठ. दक्षिणेकडच्या भागात तर बिघडलेल्या वाहनांसाठी राखलेली कडेची पट्टीदेखील कित्येक वर्षे सकाळ-संध्याकाळ वाहतुकीला द्यावी लागली. रँडॉल्फ ते वेलस्ली या सुमारे चौदा मैलांच्या टापूत चौथी मार्गिका घालण्याचे काम एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालले. गर्दी टाळण्यासाठी काढलेल्या रस्त्याची गर्दी टाळण्यासाठी, शहरापासून आणखी दूर, ४९५ क्रमांकाचे दुसरे वर्तुळ १९५७ पासून टप्प्याटप्प्याने बांधले गेले.

आता १९४८ च्या योजनेतील आतल्या वर्तुळाकडे वळले पाहिजे. १९५६ साली केंद्र सरकारने आंतरराज्य महामार्गांचा कायदा केला आणि खर्चाचा नव्वद टक्के भार स्वतःवर घेतला. पैशाची अडचण दूर होताच बॉस्टनचे आतले वर्तुळ आणि नैर्ऋत्येकडून शहरात शिरणारा द्रुतगती मार्ग यांची आखणी पुढे सरकली. बाहेरच्या वर्तुळाच्या वाटेत शेते होती; आतल्या वर्तुळाच्या वाटेत रॉक्सबरी, केंब्रिज, सॉमरव्हिल येथील हजारो कुटुंबांची घरे होती. नैर्ऋत्य मार्गासाठी रॉक्सबरी आणि जमेका प्लेन या भागांत घरे पाडण्यासही आरंभ झाला. तेव्हा त्या वस्त्यांतील गोरे आणि कृष्णवर्णीय रहिवासी, पाद्री, प्राध्यापक आणि काही तरुण अभियंते एकत्र आले आणि मोठे आंदोलन उभे राहिले.

११ फेब्रुवारी १९७० रोजी गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण करून १२८ च्या आतील जवळजवळ सर्व नव्या द्रुतगती मार्गांचे काम स्थगित केले. हेच सार्जंट काही वर्षांपूर्वी राज्याचे बांधकाम आयुक्त होते आणि त्यांनी स्वतः या रस्त्यांचा पुरस्कार केला होता. आपली पूर्वीची समजूत चुकीची होती, हे त्यांनी त्या भाषणात उघडपणे मान्य केले. पुढे सखोल फेरविचार झाला आणि १९७२ च्या अखेरीस आतले वर्तुळ व नैर्ऋत्य मार्ग या दोन्ही योजना रद्द झाल्या. अशा रद्द झालेल्या महामार्गांचा केंद्रीय निधी सार्वजनिक वाहतुकीकडे वळवण्याची मुभा १९७३ च्या कायद्याने मिळाली. घरे पाडून मोकळ्या केलेल्या पट्ट्यातून १९८७ साली शहरी रेल्वे धावू लागली आणि तिच्या कडेने लांबलचक बाग झाली.

या निर्णयात १२८ ला एका अर्थाने सीमारेषेचा मान मिळाला: त्याच्या बाहेर रस्ते वाढोत, आत ते वाढणार नाहीत. पण त्याचा भार मात्र त्यालाच वाहावा लागला. फ्लॉरिडापासून मेनपर्यंत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने जाणारा ९५ क्रमांकाचा महामार्ग बॉस्टनच्या मधून जायचा होता. ती वाट बंद झाल्यामुळे १९७० नंतरच्या दशकात त्याला १२८ वरूनच वळवण्यात आले. दक्षिणेस कॅन्टन येथे, सरळ शहरात शिरण्यासाठी आखलेली चौफुली अपुरी राहिली. दक्षिणेकडून येणाऱ्या महामार्गाला तेथे पुढे वाट नाही, म्हणून बॉस्टनच्या बाजूने निघालेल्या प्रवाशाला वळून १२८ वर यावे लागते. आज त्या रस्त्याच्या मोठ्या भागावर महामार्गाचा क्रमांक मुख्य आहे आणि दक्षिणेकडचा ब्रेनट्रीकडे जाणारा तुकडा तर १२८ या नावातून पार गळून गेला आहे. कॅन्टन ते ग्लॉस्टर हे सुमारे ५७ मैलच आता अधिकृतपणे त्या क्रमांकाचे आहेत. तरीही त्या भागातील लोकांच्या तोंडी जुना आकडाच बसलेला आहे.

१९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी राज्याने या रस्त्यावर ‘अमेरिकेचा तंत्रज्ञान महामार्ग’ अशा पाट्या लावल्या. त्या वेळी डिजिटल कंपनी जगातील गणकयंत्रांच्या व्यवसायात दुसऱ्या क्रमांकावर जाऊ पाहत होती. तिच्या नोकरांची संख्या पुढे लाखावर गेली. पण लहान वैयक्तिक संगणकांचे युग आले आणि या कंपन्यांना त्याची चाहूल उशिरा लागली. १९९८ साली डिजिटल दुसऱ्या कंपनीला विकली गेली. ॲनली सॅक्सेनियन या अभ्यासिकेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १२८ आणि कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली यांची तुलना केली. १२८ वरच्या कंपन्या आपापल्या आवारात बंदिस्त राहिल्या, परस्परांत देवघेव कमी ठेवली, म्हणून त्या मागे पडल्या, असे तिचे प्रतिपादन होते. ज्या रुंद हिरवळींचे एकेकाळी कौतुक झाले, त्यांनीच शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून दूर ठेवले असावे, असे ते वाचताना वाटून जाते. एकविसाव्या शतकात जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्यांनी उलट केंब्रिजमधील दाट वस्तीची केंडल चौकाची जागा पसंत केली. बायोजेन कंपनीने २०१० साली आपल्या कचेऱ्या १२८ च्या काठी वेस्टनला नेल्या आणि अवघ्या तीन-चार वर्षांत त्या पुन्हा केंब्रिजला आणल्या. १२८ चा काठ काही ओस पडला नाही. पण शहर सोडून गेलेली वाट शहराकडेही परत येते, हे दिसून आले.

या साऱ्या इतिहासाकडे मागे वळून पाहिले, म्हणजे १९५१ सालचे टीकाकार आणि पुरस्कर्ते दोघेही कोठे चुकले ते कळते. टीकाकारांनी पाहिले की रस्त्याच्या काठी काही नाही, म्हणून रस्ता व्यर्थ आहे. पुरस्कर्त्यांनी मोजले की किती वाहने पुढे जातील. रस्त्याच्या वळणवाटेवर उतरल्यावर काय होईल, हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही; आणि इतिहास घडला तो नेमका तेथे. रस्ता राज्याने बांधला; परंतु वळणवाटेच्या तोंडाशी कारखाना यावा की शेत राहावे, घराला एक एकर जमीन लागावी की पाव एकर, आगगाडीची सोय व्हावी की न व्हावी, हे निर्णय वेगवेगळ्या गावांच्या सभांतून, पेढ्यांच्या कचेऱ्यांतून आणि खात्यांच्या टिपणांतून सुटे सुटे होत गेले. आतल्या वर्तुळाच्या वेळी हे प्रश्न आधी विचारले गेले, कारण तेथे राहणारी माणसे ते विचारायला उभी राहिली. बाहेरच्या वर्तुळाच्या वेळी शेतांच्या आणि दलदलींच्या वतीने विचारणारे कोणी नव्हते; आणि ज्यांना त्या रस्त्यामुळे काम दुरावणार होते, ती माणसे तेथून दहा मैल दूर, शहरात राहत होती. रस्ता खुला झाला त्या दिवशी आपल्या बाबतीत काही ठरून गेले आहे, याची त्यांना कल्पनाही नव्हती.